ग्रामीण कम्युनिटी कॉलेज, पगार आणि पुढचं करिअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अमेरिकेत एका छोट्या गावातल्या कम्युनिटी कॉलेजात आकडेवारीचं काम करते. किती मुलं आली, किती पास झाली, पुढे कुठे लागली हे गोळा करून राज्य सरकारला आणि फेडरल सरकारला पाठवायचं, हे माझं रोजचं काम. त्यामुळे इथले मराठी आईवडील, नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीमुळे लहान गावात येऊन पडलेले लोक, आणि हल्ली भारतातून विचारणारेही, फिरून फिरून तेच प्रश्न पाठवतात. प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा एका जागी लिहून ठेवते. आधीची उत्तरं सोपी आहेत, खाली जाल तसं अवघड होत जातं. एक गोष्ट दोनदा लिहिली नाहीये, कुठे बघायचं ते त्या त्या जागी दिलंय.

१. कम्युनिटी कॉलेज म्हणजे आपल्याकडचं अकरावी-बारावीचं ज्युनिअर कॉलेज का?

नाही. इथलं कम्युनिटी कॉलेज बारावीनंतरचं असतं. दोन वर्षांची असोसिएट डिग्री, काही महिन्यांपासून वर्षभरापर्यंतची सर्टिफिकेटं, आणि पुढे चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीत जायचं असेल तर पहिल्या दोन वर्षांचे विषय, असं सगळं एकाच छताखाली. नावाचा घोळ होतो कारण यांना आधी ज्युनिअर कॉलेजच म्हणायचे, इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनिअर कॉलेज १९०१ सालचं आहे आणि ते देशातलं पहिलं सरकारी कम्युनिटी कॉलेज मानलं जातं. 'कम्युनिटी कॉलेज' हा शब्द १९४७ च्या ट्रुमन कमिशनच्या अहवालानंतर रुळला. प्रवेश बहुतेक ठिकाणी सगळ्यांना खुला असतो, पण नर्सिंग, डेंटल हायजीनसारख्या कोर्सना जागा मोजक्या आणि स्पर्धा बरीच असते, हे लक्षात ठेवा.

२. दोन वर्षांची डिग्री घेतली तर पगारात खरंच फरक पडतो का?

सरासरी बघितलं तर पडतो. फेडरल सरकारच्या ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्सचा २०२३ चा आकडा घ्या, २५ वर्षांवरच्या आणि फुलटाइम काम करणाऱ्यांचा आठवड्याचा मीडियन (म्हणजे काय ते प्रश्न ४ मध्ये) पगार: फक्त हायस्कूल झालेल्यांना ८९९ डॉलर, असोसिएट डिग्रीवाल्यांना १,०५८, बॅचलर्सवाल्यांना १,४९३. म्हणजे दोन वर्षांच्या डिग्रीने आठवड्याला दीडशे-एकशेसाठ डॉलरचा फरक.

पण हा आकडा अख्ख्या देशाचा आहे, त्यात मोठी शहरंही आली, आणि सगळे विषय एकत्र आहेत. तुमच्या मुलाला किती मिळतील ते यावरून कळत नाही. विषयाने किती फरक पडतो ते प्रश्न ८ मध्ये आहे.

३. कॉलेज स्कोअरकार्डवर आमच्या जवळच्या कॉलेजचा आकडा बघून धक्काच बसला. पास होऊन एवढाच पगार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा सविस्तर सांगते. कॉलेज स्कोअरकार्ड ही फेडरल शिक्षण खात्याची साइट, २०१५ मध्ये सुरू झाली, आणि खूप कामाची आहे, मी स्वतः रोज वापरते. पण कॉलेजच्या नावाखाली वर जो मोठा आकडा दिसतो तो पास झालेल्यांचा नाहीये.

तो आकडा आहे १० वर्षांपूर्वी त्या कॉलेजात *दाखल झालेल्यांचा*. जो पास झाला तोही त्यात, जो एक सेमिस्टर करून सोडून गेला तोही त्यात, जिने दोन विषय घेतले आणि मग घरची अडचण आली म्हणून थांबली तीसुद्धा त्यात. कम्युनिटी कॉलेजमध्ये अर्धवट सोडणारे बरेच असतात (का ते प्रश्न ११ मध्ये), त्यामुळे हा आकडा खाली ओढला जातो.

दुसरं, त्यात फक्त फेडरल आर्थिक मदत घेतलेले विद्यार्थी धरतात, पेल ग्रँट (कमी उत्पन्नाच्या घरातल्यांना मिळणारी, परत न करायची मदत) किंवा फेडरल कर्ज घेतलेले. ज्यांनी फी खिशातून भरली ते त्यात नाहीत. कम्युनिटी कॉलेजची फी कमी असल्याने खिशातून भरणारे खूप असतात, आणि मदत घेणारे साहजिकच कमी उत्पन्नाच्या घरातले जास्त.

तिसरं, ज्या वर्षी मोजतात त्या वर्षी जे काम करत होते आणि कुठेही शिकत नव्हते तेवढेच धरतात. मूल लहान म्हणून घरी असलेली आई त्यात शून्य पगार म्हणून येत नाही, ती मोजणीतच नसते.

पास झालेल्यांचा आकडा हवा असेल तर त्याच साइटवर खाली 'फील्ड्स ऑफ स्टडी' असं असतं, तिथे कोर्सप्रमाणे, डिग्री पूर्ण केलेल्यांचे आकडे मिळतात. कायम तिकडे बघा. वरचा मोठा आकडा बघून मुलाचं कॉलेज ठरवू नका, अगदी कळकळीने सांगते.

४. मीडियन म्हणजे सरासरी का?

नाही. सगळ्यांना पगाराप्रमाणे ओळीत उभं केलं तर बरोबर मधल्याचा पगार म्हणजे मीडियन. अर्ध्यांना त्याहून कमी, अर्ध्यांना जास्त. एखाद्याचा पगार प्रचंड असला तरी मीडियन हलत नाही म्हणून तो वापरतात. पण मधला एकच माणूस बघून दोन्ही टोकं कळत नाहीत, म्हणून जिथे २५ वा आणि ७५ वा पर्सेंटाइल (त्याच ओळीत पाव आणि पाऊण अंतरावर उभ्या असलेल्यांचा पगार) दिलेला असेल तिथे तेही बघा. सेन्सस ब्युरोच्या पीएसईओ नावाच्या डेटात हे तिन्ही मिळतात आणि तेही पास झाल्यावर १, ५ आणि १० वर्षांनी. सगळी राज्यं त्यात नाहीत, तुमचं आहे का ते आधी तपासा.

५. मला हव्या त्या कोर्सपुढे आकडाच नाही, 'डेटा उपलब्ध नाही' असं येतं. कॉलेज काही लपवतंय का?

नाही हो, कॉलेज काही लपवत नाहीये. विद्यार्थी कमी असले की कुणा एकाचा पगार ओळखू येऊ नये म्हणून सरकार तो आकडा झाकतं. ग्रामीण कॉलेजात वेल्डिंगच्या बॅचला बारा-चौदा जण, त्यातले मदत घेतलेले निम्मे, त्यातले काम करणारे अजून कमी, की गेलाच आकडा. यात वाईट हे की लहान कॉलेजांचे चांगले कोर्स असेच अदृश्य राहतात आणि लोकांना वाटतं तिथे काही नाहीच.

अजून एक, स्कोअरकार्ड कोर्सचे गट करून आकडे देतं. म्हणजे 'वेल्डिंग' असं वेगळं दिसणार नाही, 'प्रिसिजन मेटल वर्किंग' या गटात मशिनिंगबरोबर एकत्र दिसेल. नाव सापडलं नाही तर गटाच्या नावाने शोधा. आकडा कुठेच नसेल तर काय करायचं ते शेवटच्या प्रश्नात आहे.

६. राज्याच्या साइटवर एक आकडा, स्कोअरकार्डवर दुसरा. खरा कुठला?

दोन्ही खरे, फक्त मोजलेली माणसं वेगळी.

स्कोअरकार्ड टॅक्सच्या नोंदींवरून काढतं, त्यात पगारही येतो आणि स्वतःच्या धंद्याचं उत्पन्नही. राज्यं मात्र बहुतेक वेळा बेकारी विम्याच्या नोंदी वापरतात, म्हणजे मालक दर तीन महिन्यांनी राज्याला कळवतो की या माणसाला एवढा पगार दिला. त्यात मदत घेतली नाही असे विद्यार्थीही येतात, ही जमेची बाजू. पण त्यातून कोण निसटतं ते बघा: स्वतःचा धंदा करणारे, फेडरल सरकारचे नोकर (पोस्टातले आणि फॉरेस्ट सर्व्हिसवाले धरून), सैन्यात गेलेले, आणि शेजारच्या राज्यात नोकरी करणारे. राज्याराज्यांत नोंदी पडताळायची सोय आहे, पण लोकांसमोरच्या प्रत्येक अहवालात ती वापरलेली असतेच असं नाही. आणि बहुतेक राज्यांत नोंदीत फक्त पैसे असतात, तास नसतात. आठवड्याला २० तास करणारी आणि ५० तास करणारा, दोघे एकाच रांगेत.

आता ही यादी परत वाचा आणि लहान गाव डोळ्यासमोर आणा. शेती करणारा, स्वतःचं रिपेअर शॉप टाकणारा, फॉरेस्ट सर्व्हिसमध्ये लागलेला, सैन्यात गेलेली, नदीपलीकडच्या राज्यातल्या हॉस्पिटलात रोज गाडीने जाणारी. ग्रामीण कॉलेजचे पास झालेले नेमके याच ठिकाणी जातात. शहरातल्या कॉलेजला या फटी एवढ्या लागत नाहीत, आमच्यासारख्यांना लागतात.

शेतीचं तर अजून वेगळं आहे. शेतावर मजुरी करणाऱ्यांची नोंदसुद्धा सगळीकडे होत नाही, कारण फेडरल नियमाप्रमाणे शेतमालकाने एका तिमाहीत २०,००० डॉलर रोख मजुरी दिली असेल किंवा वर्षातल्या २० आठवड्यांत १० किंवा जास्त मजूर ठेवले असतील तरच तो बेकारी विम्याच्या कक्षेत येतो (काही राज्यांत याहून लहान शेतमालकही येतात). आणि स्वतःची शेती असेल तर टॅक्समध्ये ट्रॅक्टरचा घसारा, बियाणं, डिझेल सगळं वजा होऊन कागदावर उत्पन्न अगदी थोडं दिसतं. ॲग्रिकल्चरचा कोर्स करून घरची शेती नीट चालवणारा मुलगा एका नोंदीत नसतोच आणि दुसरीत गरीब दिसतो.

७. शहरातल्या कम्युनिटी कॉलेजचा आकडा आमच्याकडच्यापेक्षा बराच जास्त आहे. म्हणजे तिथलं शिक्षण चांगलं, मुलाला तिकडेच पाठवू?

थांबा जरा. पगार कॉलेज देत नाही, मालक देतो, आणि मालक आसपासच्या बाजाराप्रमाणे देतो. तीच नर्स, तेच लायसन्स, तीच परीक्षा, पण मोठ्या शहरात पगार जास्त आणि घरभाडंही जास्त. त्यामुळे दोन कॉलेजांची तुलना करताना आधी एकच कोर्स घ्या, मग दोन्हीकडचं घरभाडं शेजारी ठेवा, आणि मग बघा फरक किती उरतो.

यात एक गोष्ट मला मनापासून खटकते ती सांगते. आमच्या कॉलेजची नर्स पास होऊन शहरात गेली की आमचा आकडा वर जातो. तीच जर गावातल्या २५ खाटांच्या हॉस्पिटलात राहिली, जिथे तिच्याशिवाय रात्रपाळी चालणारच नाही, तर आमचा आकडा खाली. (क्रिटिकल ॲक्सेस हॉस्पिटल म्हणतात त्यांना, २५ च्या वर खाटा ठेवता येत नाहीत आणि सहसा दुसरं हॉस्पिटल ३५ मैलांच्या आत नसतं.) म्हणजे ज्या कामासाठी हे कॉलेज गावात उभं केलं, गावाला नर्स, लाइनमन, शिक्षक मिळावेत म्हणून, ते काम जितकं चांगलं होईल तितका आकडा पडतो. बालवाडी शिक्षकांचंच घ्या, देशभरात मीडियन पगार वर्षाला ३७,१३० डॉलर (२०२३), कोर्स कितीही उत्तम शिकवला तरी पगार तेवढाच, आणि त्या बाईशिवाय गावातल्या बाकीच्या आया कामावर जाऊ शकत नाहीत. त्या एका आकड्यावरून कॉलेजला नापास करू नका.

तरीही मुलगा शहरातच राहायचं म्हणत असेल, तर ओळखी आणि इंटर्नशिप तिथे जास्त मिळतात हे खरंच आहे. तेवढ्यासाठी शहरातलं कॉलेज निवडणं चूक नाही.

८. कुठल्या कोर्सला सगळ्यात चांगला पगार मिळतो?

देशभराचे २०२३ चे मीडियन, वर्षाला: डेंटल हायजीनिस्ट ८७,५३० डॉलर, रजिस्टर्ड नर्स ८६,०७०, विजेच्या तारांचं काम करणारे लाइनवर्कर ८५,४२०, प्रॅक्टिकल नर्स (रजिस्टर्डच्या खालचं लायसन्स) ५९,७३०, वेल्डर ४८,९४०, मेडिकल असिस्टंट ४२,०००. हे अनुभवी लोक धरूनचे आकडे आहेत, पहिल्या वर्षी एवढे मिळतील असं समजू नका. नर्सच्या आकड्यात चार वर्षांची डिग्रीवालेही आहेत.

लाइनवर्करकडे आपले लोक बघतच नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिते. अमेरिकेतल्या खेड्यांत वीज बऱ्याच ठिकाणी ग्राहकांच्या मालकीच्या सहकारी संस्था पुरवतात, १९३६ च्या रुरल इलेक्ट्रिफिकेशन कायद्यानंतर त्या उभ्या राहिल्या, साखर कारखान्याच्या गावातून आलेल्यांना ही कल्पना लगेच कळेल. बऱ्याच ग्रामीण कॉलेजांत लाइनमनचा छोटा कोर्स असतो, त्यानंतर काही वर्षांची अप्रेंटिसशिप, पगार घेत शिकायचं. काम जोखमीचं आहे, बर्फाच्या वादळात रात्री खांबावर चढावं लागतं, पण गावात राहून शहराएवढा पगार देणाऱ्या मोजक्या कामांपैकी हे एक.

दोन कोर्सची नावं सारखी वाटतात म्हणून फसू नका. मेडिकल असिस्टंट आणि रजिस्टर्ड नर्स यांच्या पगारात दुपटीचा फरक आहे, आणि मेडिकल असिस्टंटचे क्रेडिट बहुतेक ठिकाणी नर्सिंगला लागू पडत नाहीत.

९. दोन वर्षांचं नर्सिंग केलं तर चालतं का, की बीएसएनच (नर्सिंगची चार वर्षांची बॅचलर्स) करायला पाहिजे?

लायसन्सची परीक्षा, एनक्लेक्स-आरएन, दोघांनाही तीच. पास झालात की दोघंही रजिस्टर्ड नर्स. गावातलं हॉस्पिटल, नर्सिंग होम, काउंटीचं आरोग्य खातं सहसा दोन वर्षांची डिग्री घेतात. मोठ्या शहरांतली नावाजलेली हॉस्पिटलं बीएसएन मागतात. न्यूयॉर्क राज्यात तर २०१७ मध्ये कायदाच झाला, नव्या नर्सना लायसन्स मिळाल्यापासून १० वर्षांत बॅचलर्स पूर्ण करावं लागतं.

दोन वर्षांचं करून नोकरीला लागा आणि मग काम करता करता ऑनलाइन आरएन-टू-बीएसएन करा, हा रस्ता मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो, आणि पुष्कळ हॉस्पिटलं त्याच्या फीला हातभारही लावतात. फक्त दोन वर्षांचा कोर्स म्हटला तरी त्याआधी ॲनाटॉमी, मायक्रोबायोलॉजी वगैरे विषय करावे लागतात, त्यामुळे प्रत्यक्षात तीन वर्षं धरा.

१०. एए, एएस आणि एएएस यात फरक काय? सल्लागार म्हणाल्या कुठलंही घ्या.

कुठलंही घेऊन चालणार नाही. हे तीनही असोसिएट डिग्रीचे प्रकार आहेत. एए आणि एएस या पुढे युनिव्हर्सिटीत जाण्यासाठी बनवलेल्या डिग्र्या आहेत. एएएस सरळ नोकरीसाठी, आणि तिचे बरेच क्रेडिट युनिव्हर्सिटी घेत नाही. त्यामुळे एएस घेऊन नोकरी शोधायला गेलं की हातात ठोस कौशल्य नसतं, आणि एएएस घेऊन ट्रान्सफरला गेलं की वर्ष-दीड वर्ष वाया जातं. मुलाला काय करायचंय ते आधी ठरवा. नसेलच ठरत तर एए किंवा एएस सुरक्षित, पण ज्या युनिव्हर्सिटीत जायचंय तिच्याबरोबर कॉलेजचा लेखी ट्रान्सफर करार आहे का ते विचारा, तोंडी 'होईल' वर जाऊ नका.

११. ग्रॅज्युएशन रेट इतका कमी कसा? शंभरातली तीस-चाळीसच मुलं पास होतात?

असं नाहीये. तो रेट फक्त पहिल्यांदाच कॉलेजला आलेल्या आणि पूर्णवेळ शिकणाऱ्या मुलांचा असतो, दोन वर्षांच्या डिग्रीला तीन वर्षं मोजतात. आणि कम्युनिटी कॉलेजचे जवळपास दोन तृतीयांश विद्यार्थी पार्टटाइम असतात, नोकरी करत, पोरं सांभाळत. ते त्या रेटमध्ये नाहीतच. शिवाय जो मुलगा डिग्री न घेता वर्षभरात युनिव्हर्सिटीत गेला तो आमच्या हिशेबात 'पास झाला नाही' असाच लागतो, ट्रान्सफरचा आकडा वेगळा देतात आणि तो कुणी बघत नाही. सरकारकडे 'आउटकम मेझर्स' म्हणून अजून एक आकडा आहे, त्यात पार्टटाइमवाले आणि दुसरीकडून आलेलेही धरतात आणि आठ वर्षांपर्यंत बघतात. तो जास्त खरा.

पण म्हणून काळजीच करू नका असंही मी म्हणणार नाही. अर्धवट सोडणारे खरंच खूप असतात, आणि कारणं बहुतेक वेळा अभ्यासाची नसतात, गाडी बंद पडते, पाळणाघर मिळत नाही, कामाची शिफ्ट बदलते. खेड्यात बस नसते, कॉलेज ४० मैलांवर असतं, गाडी गेली की सेमिस्टर गेलं. तुमच्या घरातल्या मुलाचा खर्च काढताना फीआधी गाडीचा खर्च काढा.

१२. मुलगा दोन वर्षांनी युनिव्हर्सिटीत गेला तर त्याचा पगार कुणाच्या खात्यात धरतात?

स्कोअरकार्डच्या १० वर्षांच्या आकड्यात तो आमच्याकडेही मोजला जातो, मदत घेतली असेल तर. पण कोर्सवार आकड्यात गंमत होते. एए घेऊन लगेच युनिव्हर्सिटीत गेलेला मुलगा एक वर्षाने 'अजून शिकतोय' म्हणून वगळला जातो. म्हणजे एए लिबरल आर्ट्सपुढे एक वर्षानंतरचा जो पगार दिसतो तो *ट्रान्सफर न झालेल्यांचा* असतो, जे त्या डिग्रीचं मूळ कामच नव्हे. तो बघून घाबरू नका.

घाबरायचंच असेल तर ते वेगळ्या गोष्टीला. बहुतेक मुलं पुढे बॅचलर्स करायचं म्हणून येतात, पण देशभरात कम्युनिटी कॉलेजला सुरुवात करणाऱ्यांपैकी तिघांतला साधारण एकच ट्रान्सफर होतो, आणि सहा वर्षांत बॅचलर्स पूर्ण करणारे शंभरात सोळाच्या आसपास. पहिल्या सेमिस्टरपासून ट्रान्सफरचे विषय नीट निवडले तर आपला मुलगा त्या सोळांत असू शकतो, विषय निवडायला त्याच्याबरोबर बसा.

१३. लहान सर्टिफिकेट घेऊ की डिग्री?

लायसन्सला किंवा ठराविक मशीनला जोडलेलं सर्टिफिकेट असेल (ट्रक चालवायचं लायसन्स सीडीएल, वेल्डिंग, ॲम्ब्युलन्सवरचं ईएमटी) तर घ्या. नुसतं 'ऑफिस असिस्टंट' वगैरे असेल तर दोनदा विचार करा, पगारात फारसा फरक पडत नाही. २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून ८ ते १५ आठवड्यांच्या छोट्या कोर्सनाही पेल ग्रँटची सोय केली आहे, 'वर्कफोर्स पेल' म्हणतात. पण त्यासाठी कोर्सचे ७० टक्के विद्यार्थी पूर्ण करणारे आणि ७० टक्के नोकरीला लागलेले असावे लागतात, त्यामुळे तुमचा कोर्स त्या यादीत आला का ते कॉलेजला विचारा, गृहीत धरू नका. पेलचे पैसे आयुष्यभरात मर्यादितच मिळतात आणि छोट्या कोर्सला वापरलेले त्यातूनच जातात, तेही बघा.

१४. कॉलेजच्या पत्रकावर '९५ टक्के प्लेसमेंट' लिहिलंय. विश्वास ठेवू का?

विचारा, कशाचे ९५ टक्के? किती जण पास झाले, त्यातल्या किती जणांनी फॉर्म भरला, आणि त्यातले किती. वीस जण पास झाले आणि दहा जणांनीच उत्तर दिलं तर बाकी दहाचं काय झालं कुणालाच माहीत नाही. सरकारी 'प्लेसमेंट'ची व्याख्याही सैल आहे: पर्किन्स नावाच्या फेडरल निधीसाठी आम्ही जो आकडा पाठवतो त्यात कोर्सनंतर दुसऱ्या तिमाहीत नोकरीत असलेले तर येतातच, पुढे शिकत असलेले आणि सैन्यात गेलेलेही येतात. खोटं कुणी बोलत नसतं. पण तुम्ही 'नोकरी' असं वाचता आणि आकड्यात बाकीचंही असतं. नर्सिंगसारख्या कोर्सला मात्र लायसन्स परीक्षेचा पास रेट विचारा, तो बाहेरची संस्था मोजते, त्यात ओढाताण करता येत नाही.

१५. पगार कमी असलेले कोर्स सरकार बंद करणार म्हणतात, खरं का?

बंद नाही, पण फेडरल कर्ज तोडू शकतं. २०२५ च्या कायद्यात अशी अट आहे की डिग्री पूर्ण केलेल्यांचा पगार चार वर्षांनी त्याच राज्यातल्या २५ ते ३४ वयाच्या, फक्त हायस्कूल झालेल्या काम करणाऱ्यांच्या मीडियनपेक्षा कमी निघाला, आणि तीनपैकी दोन वर्षं तसंच झालं, तर त्या कोर्सला फेडरल कर्ज मिळत नाही. सर्टिफिकेटांसाठी त्याआधी, २०२३ मध्ये 'गेनफुल एम्प्लॉयमेंट' नावाचा नियम ठरला होता, त्यात हायस्कूल झालेल्यांच्या पगाराशी तुलना आणि पगाराच्या मानाने कर्ज किती, हे दोन्ही होतं.

हेतू चांगला आहे, मुलांना कर्जात ढकलणारे कोर्स थांबलेच पाहिजेत. पण तुलना अख्ख्या राज्याच्या मीडियनशी आहे, आणि त्यात राज्यातलं मोठं शहर येतं. मी प्रश्न ७ मध्ये जे लिहिलं तेच इथे परत आडवं येतं. प्रवेश घेताना तुमचा कोर्स या अटीत अडकलाय का, हे आर्थिक मदत ऑफिसला सरळ विचारा.

१६. मी एच-४ वर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) आहे, गावात दुसरं काही नाही म्हणून कॉलेज करायचंय. मला याचा उपयोग होईल का?

शिकायला एच-४ वर पूर्ण परवानगी आहे, पार्टटाइम किंवा फुलटाइम. काम मात्र वर्क परमिट असल्याशिवाय करता येत नाही, आणि ते २०१५ पासून ठराविक एच-४ जोडीदारांनाच मिळतं, म्हणजे नवऱ्याचा किंवा बायकोचा आय-१४० (ग्रीन कार्डसाठीचा अर्ज) मंजूर असेल किंवा एच-१बी सहा वर्षांपुढे वाढलेला असेल तर. त्यामुळे आधी परमिटची स्थिती बघा, मग कोर्स. नर्सिंगसारख्या कोर्सला हॉस्पिटलात प्रत्यक्ष ट्रेनिंग असतं, त्याचे कागद काय लागतात ते प्रवेशाआधीच विचारा. पेल ग्रँट मिळणार नाही. इन-स्टेट फी (राज्यातल्या रहिवाशांसाठीची कमी फी) मिळेल की नाही ते राज्यावर आहे.

आणि आकड्यांचं सांगायचं तर तुम्ही फेडरल मदत घेतलेली नसणार, म्हणजे स्कोअरकार्डवर तुमच्यासारखी कुणीच नाही. तिथला आकडा तुम्हाला लावून बघू नका.

भारतातून एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसावर) येणाऱ्यांसाठी: असोसिएट डिग्रीनंतर ओपीटी (शिकून झाल्यावर काम करायची परवानगी) १२ महिने मिळते, पण स्टेमची (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांची) जादा २४ महिने मिळत नाही, त्याला किमान बॅचलर्स लागतं. नुसती दोन वर्षांची डिग्री घेऊन इथे नोकरीला चिकटता येईल या हिशेबाने येऊ नका. पुढे ट्रान्सफर होऊन बॅचलर्स करायचं असेल तर पैसे वाचतात, पण खेड्यातल्या कॉलेजला हॉस्टेल आहे का हे आधी बघा.

१७. मुलगी हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचे क्रेडिट घेतेय, ती या आकड्यांत येते का?

नाही. हायस्कूलच्या मुलांना फेडरल मदत मिळत नाही आणि ग्रॅज्युएशन रेटमध्येही त्यांना धरत नाहीत. क्रेडिट मात्र खरे असतात आणि मार्कही कायमचे राहतात, तिथला नापास शेरा पुढे युनिव्हर्सिटीला दिसतो, म्हणून झेपतील तेवढेच घेऊ द्या. पुढे चालतील का, त्यासाठी प्रश्न १०.

१८. माझं वय ४२, कारखाना बंद झाला. आता शिकून पगार परत मिळेल का?

खरं सांगते, कारखान्यातला वीस वर्षांच्या अनुभवाचा पगार पहिल्याच वर्षी परत मिळणं अवघड. तुमची तुलना हायस्कूल झालेल्या २० वर्षांच्या मुलाशी नाही, तुमच्या स्वतःच्या आधीच्या पगाराशी आहे, आणि ती कुठल्याच साइटवर दिलेली नसते. पण आता नवीन नोकरी शिकल्याशिवाय किती पगाराची मिळतेय ते बघा आणि कोर्सनंतरच्या पगाराची तुलना त्याच्याशी करा, तिथे फरक दिसेल.

जवळच्या अमेरिकन जॉब सेंटरला आधी जा, फीचे पैसे तिथून मिळू शकतात. त्यांच्याकडे मंजूर कोर्सची यादी असते आणि त्यात कोर्सनंतर दुसऱ्या तिमाहीतला पगारही दिलेला असतो. पेलला वयाची अट नाही.

१९. माझ्या कोर्सला चारच जण आहेत, कुठेच आकडा नाही. मग ठरवायचं कसं?

ग्रामीण कॉलेजात हे नेहमीचं आहे. मी लोकांना असं सांगते.

ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्स शहराबाहेरच्या भागांचेही पगार वेगळे देतं, बहुतेक राज्यांत 'नॉनमेट्रोपॉलिटन एरिया' म्हणून. तुमच्या भागात त्या कामाचा मीडियन आणि खालचा १० टक्क्यांचा आकडा, दोन्ही काढा. नव्याने लागणाऱ्याला त्या खालच्याच्या जवळपास मिळेल असं धरा.

मग कोर्सच्या शिक्षकाला फोन करा, ऑफिसला नको, शिक्षकालाच. विचारा की गेल्या तीन बॅचची मुलं कुठे कुठे लागली, मालकांची नावं सांगा. ग्रामीण कॉलेजात शिक्षकाला प्रत्येक मुलगा नावानिशी माहीत असतो, कोण सहकारी वीज संस्थेत आहे, कोण जिल्ह्याच्या शाळेच्या मेंटेनन्समध्ये, कोण घरची शेती बघतो. मुलांची नावं ते सांगणार नाहीत आणि सांगूही नयेत, पण मालकांची सांगतील. नावं पटापट आली तर चांगलं. 'सगळ्यांना नोकऱ्या लागतात' एवढंच उत्तर आलं तर अजून दोन ठिकाणी चौकशी करा.

शेवटी त्यातल्या एका मालकाला फोन करा आणि विचारा, या कॉलेजच्या मुलांना तुम्ही घेता का, सुरुवातीला तासाला किती देता, आणि दोन वर्षांनी किती होतात. लहान गावात असा फोन केला तर कुणाला राग येत नाही, उलट माणसं हवीच असतात म्हणून बरेचदा तुम्हालाच भेटायला बोलावतात.